आगळ की सरबत? लेबलाआधीचा एक कागद

कोकम आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटलीत साखर नसते, मीठ असतं. मालवणात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण तीच बाटली पुण्यात किंवा नागपुरात दुकानाच्या फळीवर जाते तेव्हा ती सरबतांच्या रांगेत उभी राहते. रंग तोच गडद लाल, चित्रही त्याच रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं. घेणारा घरी जाऊन दोन चमचे थंड पाण्यात घालतो, पहिला घोट खारट लागतो आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

इथे अक्षर, रंग, छपाई सगळं उत्तम असू शकतं. ही बाटली कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार, तिथे ती कशाच्या जागी वापरली जाणार आणि ते घेणाऱ्याला दुकानातच कसं कळणार, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. क्लायंटला वाटतं डिझायनर बघेल, डिझायनरला वाटतं क्लायंटला ठाऊक असेल. ब्रँड स्ट्रॅटेजी म्हणतात ती ही मधली, कुणाच्याच नावावर नसलेली जागा. साठ पानांचं प्रेझेंटेशन म्हणजे स्ट्रॅटेजी, असा समज डिझाइनच्या धंद्यात बराच पसरला आहे, आणि त्यामुळेच छोटे क्लायंट तिच्यापासून पळतात. लहान उद्योगाला एक कागद पुरतो. पण तो कागद लोगोच्या पहिल्या रेघेआधी तयार हवा आणि त्यावर पैसे देणाऱ्याची सही हवी.

पुढे सगळीकडे एकच कल्पित उदाहरण वापरलं आहे: वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक घरचा उद्योग. आगळ, आमसूल आणि अमृत कोकम (सरबतासाठीचं गोड सिरप) बनवतात, हंगाम एप्रिल-मेचा, माल वर्षभर विकायचा. त्यांची मागणी नेहमीची: "लोगो आणि तीन लेबलं, पावसाळ्याआधी."

पहिल्या भेटीत काय मागायचं

"तुम्हाला कोणता रंग आवडतो?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला की पुढचं सगळं काम आवडीनिवडीवर चालतं, आणि आवड रोज बदलते. त्याऐवजी गेल्या बारा महिन्यांची बिलं मागा. जीएसटीची बिलं नसतील तर वहीतल्या नोंदी चालतील. त्यातून चार गोष्टी काढायच्या: कोणता माल किती गेला, कोणत्या आकाराची बाटली जास्त गेली, कुठल्या गावात गेली, आणि तेच गिऱ्हाईक परत आलं का. या चौथ्या आकड्याचं वजन सगळ्यात जास्त. एखाद्या मालाला पहिल्यांदा घेणारे भरपूर आणि परत येणारे नगण्य असतील, तर नवा लोगो त्याला वाचवणार नाही. तिथे चव, किंमत किंवा वापराची माहिती यांपैकी काहीतरी चुकतंय, आणि हे क्लायंटला स्पष्ट सांगणं हा आपल्या कामाचा भाग आहे.

नंतर विकत घेणाऱ्यांशी बोलायचं. आठ-दहा जण पुरतात, फक्त ते क्लायंटचे नातेवाईक नसावेत. "असं पॅकिंग आलं तर घ्याल का?" असं विचारू नका, समोरच्याचं मन राखायला सगळे हो म्हणतात. घडलेलं विचारा: शेवटची बाटली कधी घेतली, कुठून घेतली, तेव्हा शेजारची कोणती उचलून परत ठेवली, घरी ती कशात वापरली, संपायला किती दिवस लागले. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. "आमच्याकडे उन्हाळ्यात हे लागतंच" आणि "कुणीतरी दिलं होतं, फ्रिजमध्ये पडून आहे" ही दोन वाक्यं दोन वेगळ्या लेबलांची आहेत.

तिसरं काम दुकानात उभं राहण्याचं. कोकमासाठी निदान तीन ठिकाणं बघावीत: मुंबई-गोवा महामार्गावरचं एखादं कोकणी मालाचं दुकान, दादर किंवा गिरगावातलं जुनं दुकान आणि एखादं मोठं सुपरमार्केट. महालक्ष्मी सरससारखं बचतगटांचं प्रदर्शन त्या सुमारास असेल तर तेही, कारण तिथे एकाच रांगेत वीस-वीस प्रकारचं कोकम मांडलेलं असतं. परवानगी घेऊन फळीचे फोटो काढा, सगळी लेबलं एका पानावर शेजारी-शेजारी लावा आणि ते पान कृष्णधवल करून बघा. रंग काढून घेतला की बहुतेक लेबलं एकसारखी दिसतात: मध्ये फळ, वर कमान केलेलं नाव, खाली पान. रंग परत आणला तरी फार फरक पडत नाही, सगळेच लाल-जांभळे.

इथे डिझायनरचा पहिला मोह असतो तो वेगळं दिसण्याचा. सगळे लाल आहेत ना, मग आपण पिवळं करू. जरा थांबा. लाल-जांभळा रंग हा कोकम ओळखण्याची खूण आहे. तो सोडला तर बाटली उठून दिसेल, पण ती आंब्याची वाटेल. प्रत्येक प्रकारच्या मालात काही खुणा सगळ्यांच्या सामाईक असतात आणि काही एकट्याच्या. सामाईकपैकी कोणत्या राखायच्या आणि एकट्याची कोणती उभी करायची, हे ठरवल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

कागदावर काय असतं

एका ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावेल इतकंच. कुणासाठी, कशाच्या जागी, कोणती एक गोष्ट, ती खरी कशावरून, काय करणार नाही, काय बदलायचं नाही, आणि काम झालं की नाही हे कशावरून कळेल. इतकंच असलं तरी तो भरायला तीन-चार बैठका लागतात, कारण प्रत्येक ओळीत काहीतरी सोडून द्यावं लागतं.

"कुणासाठी" या ओळीत "सगळ्यांसाठी" असं पहिलं उत्तर येतं. आपल्या उद्योगापुढे खरे दोन रस्ते आहेत. पहिला, मुंबई-ठाण्यात राहणारं कोकणी घर. त्यांना आगळ ठाऊक आहे, सोलकढी आठवड्यातून दोनदा होते, गावाहून आणलेली बाटली संपली की तशीच हवी असते. दुसरा, कोकम फक्त हॉटेलातल्या जेवणात चाखलेलं पुण्या-नाशिकचं घर. त्यांना उन्हाळ्यात थंड पेय हवंय आणि आगळ हा शब्दच माहीत नाही. फळ एकच, पण कागद दोन. पहिल्या रस्त्यावर "आगळ" हा शब्द सगळ्यात मोठा येतो, बाटली ७५० मिलीची किंवा लिटरची, लेबल साधं, आणि जास्त सजावट केली तर उलट संशय येतो. दुसऱ्या रस्त्यावर आधी अमृत कोकम पुढे करायचं, बाटली लहान, "कोकम" मोठं आणि किती पाण्यात किती घालायचं ते दर्शनी बाजूवर. आगळ त्या दुकानात न्यायचंच असेल तर "सोलकढीसाठी, मीठ घातलेलं" ही ओळ नावाला चिकटून हवी.

दोन्ही रस्ते एकाच हंगामात धरता येत नाहीत असं नाही. पण एकाच लेबलाने ते धरता येत नाहीत, आणि तीन लेबलांच्या बजेटमध्ये तर नाहीच.

"कशाच्या जागी" ही ओळ बहुतेक जण स्पर्धकांची नावं लिहून संपवतात. आमसुलाचं उदाहरण घ्या. आमसूल वापरणाऱ्या घरात त्याची लढत दुसऱ्या आमसुलाशी असते, पण नव्या घरात ती चिंचेशी असते. चिंच ओळखीची, स्वस्त आणि वर्षभर घरात असलेली. मग पाकिटावर कोकणच्या घराचं चित्र काढण्यापेक्षा "आमटीला चार आमसुलं" अशी मापाची ओळ जास्त काम करते. (माप क्लायंटच्या आमसुलाच्या आंबटपणाप्रमाणे करून बघूनच लिहायचं, अंदाजाने नाही.)

"कोणती एक गोष्ट" इथे "गुणवत्ता, विश्वास, परंपरा" असे शब्द येऊन पडतात. त्यांना गाळण्याची एक सोपी युक्ती आहे. शब्द उलटा करून बघा. "आमचा माल विश्वासू नाही" असं कोणता स्पर्धक लिहील? कुणीच नाही, म्हणजे त्या शब्दाने काहीच ठरलं नाही. "साखर न घालता" उलटं करता येतं, "फक्त एका हंगामाचा माल, संपला की संपला" उलटं करता येतं, "लिटरमध्येच मिळेल" हेही. अशा वाक्यांनी कुणीतरी आत येतो आणि कुणीतरी बाहेर राहतो.

काय नाही ते सांगून जागा पक्की करण्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण विकोचं आहे. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये सुरू केलेली ही कंपनी. त्यांच्या हळदीच्या क्रीमच्या जाहिरातीचं गाणं सुरूच होतं ते ही क्रीम कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक आहे, या विधानाने. ही नुसती जिंगल नव्हती. माल प्रसाधनात मोडतो की आयुर्वेदिक औषधात, यावर अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला. उत्पादनाचं वर्गीकरण, कर आणि जाहिरातीतलं वाक्य तिन्ही एकाच निर्णयावर उभे होते. एकच निर्णय धंद्याच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन कसा टिकतो, हे यात दिसतं.

"काय बदलायचं नाही" ही ओळ जुन्या उद्योगांसाठी सगळ्यात महाग असते. जानेवारी २००९मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकानाने संत्र्याच्या रसाचा खोका बदलला. संत्र्यात खोचलेला स्ट्रॉ काढून टाकला, जागी रसाचा ग्लास आला, नाव आडवं होतं ते उभं केलं. दोन महिन्यांच्या आतच विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुना खोका परत आणायचं जाहीर केलं. नवा खोका कुरूप नव्हता. पण घाईत खरेदी करणारा माणूस नाव वाचत नाही, तो खुणेकडे हात नेतो, आणि ती खूणच गेली होती. अनेकांना तो दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडचा खोका वाटला.

ही खूण शोधायला महागडा सर्व्हे लागत नाही. जुन्या गिऱ्हाइकांना कागद-पेन द्या आणि बाटली न बघता तिचं चित्र काढायला सांगा. दहापैकी सात जणांनी जे काढलं ते राखायचं. कुणी लाल झाकण काढेल, कुणी आजीचा चेहरा, कुणी तिरकं नाव. क्लायंटला ज्याचा अभिमान आहे ते बोधचिन्ह कधीकधी कुणाच्याच चित्रात नसतं. तेव्हा ते बदलायला हरकत नाही, पण लाल झाकणाला हात लावायचा नाही.

नाव, आणि "घरगुती"ची अडचण

मराठी खाद्यपदार्थांच्या निम्म्या लेबलांवर "घरगुती चव" असतं. ज्याची सगळी स्ट्रॅटेजी या एका शब्दावर उभी आहे, त्याने छपाईआधी नियम वाचावेत. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत. घरी बनवलेलं, घरी शिजवलेलं अशा अर्थाचे, ग्राहकाचा गैरसमज करणारे शब्द वापरू नयेत असं त्यात म्हटलं आहे. "नैसर्गिक", "ताजं", "शुद्ध", "अस्सल", "पारंपरिक" या शब्दांनाही अटी आहेत. पारंपरिक म्हणायचं तर ती कृती किंवा पद्धत निदान तीस वर्षं फारशी न बदलता चालत आलेली हवी. असे शब्द ब्रँडच्या नावातच असतील आणि त्यांनी दिशाभूल होण्यासारखी असेल, तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नाही, असा खुलासा किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावा लागतो. "शुद्ध" हे नाव आणि त्याखाली असा खुलासा एकत्र वाचून बघा. नाव बदलायची वेळ हीच, लेबल झाल्यावर नाही.

"घरगुती" गेलं तर क्लायंट हवालदिल होतो. त्याला त्या शब्दातून काय सांगायचं आहे ते विचारा. रंग घालत नाही? मग घटकांची यादी दर्शनी बाजूला आणा: कोकम, मीठ. दोनच शब्द. हे "घरगुती"पेक्षा जास्त बोलतात, आणि खरेही आहेत.

नावाची तपासणी दोन पातळ्यांवर होते. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९च्या कलम ९नुसार मालाचं नुसतं वर्णन करणारं किंवा नुसतं ठिकाण सांगणारं नाव नोंदवायला अडचण येते. "कोकण स्पेशल कोकम" कुणा एकाच्या मालकीचं होणं अवघड. कलम ११ आधीच्या मिळत्याजुळत्या नावांबद्दल आहे. ट्रेड मार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट करता येतो, पण फक्त स्पेलिंगने शोधून थांबू नका, उच्चाराने शोधायचीही सोय आहे. मालाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेला नोंदणीचा वर्गही बघा. पेयांचं सिरप ३२मध्ये येतं, मसाले ३०मध्ये, लोणची आणि टिकवलेली फळं २९मध्ये. म्हणजे या एकाच छोट्या उद्योगाला दोन किंवा तीन वर्गांत अर्ज करावा लागू शकतो. २०१७च्या नियमांप्रमाणे व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. अर्ज वकिलाकडूनच करून घ्या. नोंदणी हाती येईपर्यंत गोलातला आर लावायचा नाही, तो खोटा लावणं गुन्हा आहे. टीएम चालतं.

ठिकाणाच्या नावावर स्ट्रॅटेजी उभी करताना भौगोलिक मानांकनही (जीआय) तपासा. हापूसला २०१८मध्ये मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. असं मानांकन असलेलं नाव मिरवायचं तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करायला हवी. क्लायंटने ती केली आहे का, हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी पातळी तोंडाची. नाव फोनवरून एकदा सांगून समोरच्याला लिहायला लावा. मराठी नावांचा खास घोळ "ळ" आणि "ण"चा. "आगळ" रोमन लिपीत गेलं की "ळ" हरवतो आणि मुंबईतला अमराठी दुकानदार त्याला "अगल" म्हणतो. ऑनलाइन शोधणारा ते तीन-चार प्रकारे टाइप करतो. पहिल्या रस्त्यावरच्या, फक्त मराठी घरांसाठीच्या उद्योगाला याचं काही वाटायचं कारण नाही, "ळ" ही त्याची शान आहे. दुसऱ्या रस्त्यावर मात्र असं नाव टाळावं किंवा रोमन रूप आधीच एक ठरवून सगळीकडे तेच वापरावं. एकच नाव एका कागदावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरतं.

कागदावरून लेबलावर

आता कुठे माप घ्यायचं. बाटलीचा व्यास ७५ मिमी असेल तर घेर सुमारे २३५ मिमी. समोरून अर्धी बाटली दिसते, पण कडेची अक्षरं दबतात. मध्यापासून ६० अंशांवरचं अक्षर समोरून निम्म्याच रुंदीचं दिसतं. म्हणून मुख्य नाव दोन्ही बाजूंना ४० अंशांच्या आत बसवावं, म्हणजे हातात साधारण ५२ मिमी रुंदी येते. संगणकाच्या सपाट पडद्यावर सुंदर दिसणारं लांबलचक नाव बाटलीवर "…कण अमृ…" असं दिसतं ते यामुळे.

त्या ५२ मिमीत किती गोष्टी येतील? तीन. कोणत्या तीन, हे सही केलेल्या कागदावरून उचलायचं. पहिल्या रस्त्यावर: आगळ, ब्रँडचं नाव, गावाचं नाव. दुसऱ्यावर: कोकम, किती पाण्यात किती, ब्रँडचं नाव. इथे ब्रँडचं नाव तिसऱ्या जागी गेलं म्हणून क्लायंट नाराज होतो. पण ज्या घराला मालच माहीत नाही, त्याला नाव आधी सांगून काय उपयोग? कागदावरची "कुणासाठी" ही ओळ काढून पुढे ठेवा, वाद तिथेच थांबतो.

उरलेली जागा कायद्याची असते आणि ती सुरुवातीलाच आखून ठेवावी. पदार्थाचं नाव, घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्यांचा तक्ता, चौकोनातला हिरवा ठिपका, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक, निव्वळ माप, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत, बॅच, तारखा, साठवणीची सूचना, ग्राहकांसाठी संपर्क. हिरवा ठिपका दर्शनी बाजूलाच, नावाजवळ लागतो, तेव्हा तो शेवटी कोपऱ्यात कोंबू नका. बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला वापरता येते. फक्त मराठी लेबलाचा हट्ट कितीही मनापासून असला तरी तेवढी जागा दुसऱ्या भाषेसाठी सोडावीच लागते. मापाच्या आकड्यांची किमान उंचीही नियमाने ठरलेली आहे.

अक्षराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मराठी लेबलं फार मार खातात. देवनागरी आणि रोमन एकाच पॉइंटात ठेवले तर देवनागरी लहान दिसते. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे मुख्य अक्षराला उंची कमी मिळते. डोळ्याने जुळवून देवनागरी मोठी करावी आणि ओळींमधलं अंतरही वाढवावं. मराठी "ल" आणि "श" यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडली तरच मराठी रूप येतं. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) चालू नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटतात. असं लेबल छापून आलं की "अस्सल कोकणी" या दाव्याची सगळी हवा जाते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेला मजकूर वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर उतरवता येत नाही, तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि तिथे नव्या चुका शिरतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्यात आहेत, लहान उद्योगाच्या सगळ्या कामाला ते चालू शकतात. पण मुक्त शांत आहे आणि बलू गुबगुबीत, खेळकर. कागदावर "सजावट केली तर संशय येतो" असं लिहिलं असेल तर बलू कितीही आवडला तरी तो इथे नको.

नमुना पडद्यावर तपासू नका. खऱ्या मापात छापा, खऱ्या भरलेल्या बाटलीला चिकटवा, दुकानातून आणलेल्या शेजाऱ्यांमध्ये उभी करा, दोन मीटरवरून फोटो काढा. पारदर्शक लेबलाची कल्पना आगळावर हमखास फसते. आतला रस इतका गडद की खाली पांढऱ्या शाईचा थर न देता छापलेला रंग काळपट होतो. आणि महामार्गावरच्या दुकानात बाटली उन्हात असते. लालातला किरमिजी आणि पिवळा आधी उतरतो, तेव्हा उन्हापासून वाचवणारा लेप द्यायचा की नाही, हेसुद्धा "कुठे विकणार" या ओळीवरूनच ठरतं.

क्लायंटपुढे ठेवताना

पाच ऑप्शन दाखवू नका. पाच दाखवले की पहिल्याचा रंग, तिसऱ्याचं अक्षर आणि पाचव्याची बॉर्डर असं सहावं लेबल तयार होतं. एक किंवा दोन दाखवा, आणि दोन असतील तर त्यांच्यात विचाराचा फरक हवा, नुसत्या रंगाचा नको. बैठक कागद वाचून सुरू करा, मोठ्याने, सही असलेला. मग लेबल. मग प्रश्न असा: "यातली कोणती ओळ या लेबलात दिसत नाही?" या प्रश्नाला आलेलं उत्तर म्हणजे खरं करेक्शन. "लोगो थोडा मोठा करा" हे कागदाशी जोडता येत नसेल तर ते बाजूला लिहून ठेवायचं आणि शेवटी बघायचं.

घरच्या धंद्यात एक धोका कायम असतो. पहिल्या तीन बैठकांना मुलगा किंवा सून येते, आणि शेवटच्या दिवशी वडील लेबल बघून म्हणतात, हे काय? म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, अंतिम सही कुणाची. ज्यांची आहे ते कागदाच्या बैठकीला हजर हवेतच, लेबलाच्या बैठकीला नसले तरी चालेल. सहकारी संस्था असेल तर संचालक मंडळाच्या ठरावात कागद जोडून घ्या.

कोटेशनमध्ये कागदाचं काम वेगळी ओळ म्हणून लावा, वेगळ्या रकमेसह आणि वेगळ्या मुदतीसह. लहान उद्योगासाठी पाच-सहा दिवसांचं प्रत्यक्ष काम धरावं. क्लायंटला तो कागद घेऊन दुसऱ्या डिझायनरकडे जायची मुभा असावी. ती मुभा दिली की ते काम फुकटातलं वाटत नाही. दोन फेऱ्यांची दुरुस्ती कोटेशनमध्ये धरा, तिसरीपासून वेगळे पैसे. आणि कागदातली ओळच बदलली तर ती दुरुस्ती मोजायची नाही, ते नवं काम. क्लायंटचं बजेट खरोखरच नसेल तर एका दिवसाची बैठक घ्या, बिलं आणि बाटल्या समोर ठेवून, आणि संध्याकाळपर्यंत कागद भरा. अर्धवट भरलेला कागदही कोऱ्यापेक्षा बरा. लग्नपत्रिका किंवा एका दिवसाच्या सेलचं पत्रक असेल तर मात्र यातलं काहीही लागत नाही, उगाच क्लायंटच्या माथी मारू नये.

हक्कांचं लेखी करून द्यायला विसरू नका. स्वतंत्र डिझायनरने केलेल्या लोगोचा कॉपीराइट नुसते पैसे दिले म्हणून क्लायंटकडे जात नाही, लेखी हस्तांतर लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आखातात किंवा अमेरिकेत मराठी दुकानांना माल पाठवू पाहणाऱ्या उद्योगाला हे नंतर समजलं तर फार त्रास होतो.

छपाईत घाई करू नका. पाऊचसाठी ग्राव्हूर छपाई म्हणजे प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, आणि एकदा सिलिंडर कोरला की लेबलातला एक शब्द बदलणंही महागात पडतं. पहिला हंगाम डिजिटल छपाईच्या पाचशे-हजार लेबलांवर काढावा. एका लेबलाला पैसे जास्त पडतील, पण या काळात कागदावरची शेवटची ओळ तपासता येते: परत घेणारे किती, कोणत्या दुकानातून पुन्हा मागणी आली.

आणखी एक साधन कायद्यानेच लेबलावर छापायला लावलेलं आहे, ते म्हणजे ग्राहकांसाठीचा फोन नंबर. तो उचलणाऱ्याजवळ एक वही ठेवा आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह त्यात लिहायला सांगा. "यात साखर आहे का?" हा प्रश्न महिन्यात पाच वेळा आला, तर सिलिंडर कोरायला देण्याआधी "मीठ घातलेलं" ही ओळ दोन पॉइंटांनी मोठी करा.